किल्ली कोणाच्या हातीं?

सन २००८ च्या जुलै महिन्यांत अमेरिकेंतील सॅन फ्रान्सिस्को या शहरावर एक विलक्षण प्रसंग ओढवला. शहर सुरळीत चाललें होतें. कचेऱ्या उघड्या होत्या, पोलिसांचीं दप्तरें जागच्या जागीं होतीं, नोकरांचे पगार निघत होते आणि पत्रव्यवहार अखंड चालू होता. आणि तरीही नगरपालिकेचे अधिकारी पुरते हवालदिल झाले होते. कारण हा सर्व व्यवहार ज्या तारांच्या जाळ्यावरून चालत असे, त्या जाळ्याच्या किल्ल्या एकाच माणसापाशीं होत्या. आणि तो माणूस तुरुंगांत बसला होता.

या किल्ल्या लोखंडाच्या नव्हत्या. शहरांतील निरनिराळ्या कचेऱ्या एकमेकींस जोडण्यासाठीं संदेशांची वाट ठरविणारे राउटर, एका इमारतींतील संगणक एकत्र बांधणारे स्विच, अशीं यंत्रें लागतात. त्या यंत्रांत शिरून त्यांची मांडणी बदलावयाची, तर आधीं नांव आणि परवलीचा शब्द सांगावा लागतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या जाळ्यांतील मुख्य यंत्रांचे हे शब्द एका अभियंत्यास तेवढे ठाऊक होते. वरिष्ठांशीं त्याचा खटका उडाला. शब्द मागण्यांत आले. त्यानें ते दिले नाहींत. जे विचारीत आहेत त्यांस ते ऐकण्याचा अधिकार नाहीं, असें त्याचें म्हणणें होतें. त्यास अटक झाली आणि जामिनाची रक्कम ५० लाख डॉलर ठरविण्यांत आली. तरी शब्द बाहेर पडेनात. यंत्रें बंद करून नव्यानें सुरू करावीं, तर कित्येकांची मांडणीच पुसून जाण्याचें भय. अखेर २१ जुलै रोजीं तेव्हांचे महापौर गॅव्हिन न्यूसम हे स्वतः तुरुंगांत गेले, आणि त्या अभियंत्यानें ते शब्द त्यांच्या स्वाधीन केले. पुढें २०१० सालीं तो दोषी ठरला. त्यास चार वर्षांची शिक्षा झाली, आणि सुमारें १५ लाख डॉलर भरपाई देण्याचाही हुकूम झाला.

दोष त्या एकट्या अभियंत्याचा होता काय? कायद्यानें त्याचा निवाडा केला आहे. तो येथें पुन्हां करण्याचें कारण नाहीं. परंतु घरच्या तिजोरीची एकच किल्ली करून ती एकाच कारभाऱ्याच्या कमरेस लावावी, त्याच्या आजारपणाचा, मृत्यूचा किंवा रागलोभाचा मुळींच विचार करूं नये, आणि एके दिवशीं तो रुसला म्हणजे कपाळास हात लावून बसावें, यास शहाणपणाचा कारभार म्हणतां यावयाचें नाहीं. यंत्राच्या दाराशीं माणसाची ओळख कशी पटविली जाते, आणि ती पटविण्याचें काम कोणावर सोंपवावें, हा प्रश्न वरवर पाहतां केवळ तंत्रज्ञांचा वाटतो. वस्तुतः तो कारभाराचा प्रश्न आहे. बँक, इस्पितळ, महाविद्यालय, वर्तमानपत्र, यांपैकीं एकही संस्था आज अशा यंत्रांवांचून चालत नाहीं. सबब त्याचा थोडा उलगडा करून घेणें प्रत्येक सुशिक्षितास अवश्य आहे.

यंत्रानें माणसास नांव विचारावें ही चाल फार जुनी नाहीं. आरंभींचे संगणक एका वेळीं एकाचेंच काम करीत. खोलीच्या दारास कुलूप असलें म्हणजे पुरे होत असे. १९६१ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेंत फर्नांदो कोर्बातो यांच्या नेतृत्वाखालीं एक नवी व्यवस्था दाखविण्यांत आली. एकाच यंत्राचा वेळ अनेकांस थोडा थोडा वांटून देणारी ही व्यवस्था होती. प्रत्येकाचे कागद निराळे, प्रत्येकाच्या वांट्यास येणारा वेळ निराळा. म्हणून प्रत्येकाचें निराळें खातें, आणि त्या खात्यास परवलीचा शब्द. रात्रीच्या अंधारांत छावणीचा पहारेकरी येणारास हटकून परवल विचारतो, तीच ही पद्धत होय.

परंतु पहारेकऱ्यास सर्वांच्या परवली ठाऊक असाव्या लागतात, आणि त्या त्यानें कोठें तरी लिहून ठेवलेल्या असतात. या व्यवस्थेचें सारें मर्म आणि सारें वर्म त्या एका यादींत आहे. पुढच्याच वर्षीं, म्हणजे १९६२ सालीं, तेथील एका संशोधक विद्यार्थ्यास आठवड्याकांठीं मिळणारे चार तास पुरेनात. त्यानें एका शुक्रवारीं रात्रीं परवलींची यादी छापून देण्याविषयींचें कार्ड खुद्द यंत्रासच सादर केलें, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं जाऊन ती छापलेली यादी उचलून आणली. १९६६ सालीं तर याहून मौज झाली. दोन व्यवस्थापक एकाच वेळीं दोन निरनिराळे मजकूर दुरुस्त करीत होते. व्यवस्थेंतील एका उणीवेमुळें त्या दोन मजकुरांची अदलाबदल झाली. आणि जो कोणी यंत्रापाशीं येई, त्यास ‘आजची सूचना’ म्हणून सर्वांचे परवलीचे शब्द वाचावयास मिळूं लागले!

यावर उपाय निघाला तो मोठा चतुराईचा आहे. धान्याचें पीठ करतां येतें; पिठाचें पुन्हां धान्य करतां येत नाहीं. तद्वत् परवलीचा मूळ शब्द ठेवूंच नये, त्याचें गणिताच्या जात्यांत दळलेलें पीठ तेवढें ठेवावें. कोणी दाराशीं येऊन शब्द सांगितला म्हणजे तोही तसाच दळून पाहावा, आणि दोन्ही पिठें जुळलीं तरच दार उघडावें. ही कल्पना केंब्रिज येथें रॉजर नीडहॅम यांनीं प्रथम अमलांत आणली. पुढें १९७९ सालीं रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्सन यांनीं एका निबंधांत तिची पुढची सुधारणा वर्णिली. दोघांचे शब्द योगायोगानें एकच असले, तर त्यांचें पीठही एकच होईल आणि चोरास सुगावा लागेल. म्हणून दळण्यापूर्वीं प्रत्येक शब्दांत निरनिराळी चिमूट मिसळावी. या चिमटीस त्या शास्त्रांत ‘मीठ’ असेंच नांव आहे.

एका यंत्राचा प्रश्न अशा रीतीनें बराचसा सुटला. पण यंत्रें वाढलीं. समजा, एका संस्थेंत ४० यंत्रें आहेत आणि तीं सांभाळणारे १० जण आहेत. प्रत्येक यंत्राची स्वतंत्र नोंदवही असेल, तर एकंदर ४०० नोंदी झाल्या. दहांपैकीं एकानें परवलीचा शब्द बदलला, तर त्यास चाळीस ठिकाणीं फिरावें लागेल. तो कंटाळून फिरणार नाहीं. मग सर्वांनीं मिळून एकच नांव आणि एकच शब्द ठरवावयाचा, आणि तो सर्व यंत्रांवर सारखाच ठेवावयाचा, ही पळवाट निघते. कित्येक कचेऱ्यांत ही पळवाट म्हणजेच राजमार्ग होऊन बसला आहे. तिचा परिणाम असा होतो कीं, यंत्राच्या रोजनिशींत ‘व्यवस्थापकानें अमुक बदल केला’ एवढीच नोंद राहते. तो व्यवस्थापक दहांपैकीं कोण, हें कोणासच सांगतां येत नाहीं. जेथें सर्वांचें नांव एक, तेथें जबाबदारी कोणाचीच नाहीं.

आणि खरी अडचण माणूस येतो तेव्हां नसून तो जातो तेव्हां असते. नवा मनुष्य नोकरीस लागला म्हणजे तो स्वतःच चाळीस दारांशीं जाऊन ‘मला आंत घ्या’ म्हणून तगादा लावतो. नोकरी सोडणारा मात्र ‘माझें नांव खोडा’ असें सांगत फिरत नाहीं. एकोणचाळीस वह्यांतून नांव खोडलें जातें, चाळीसावी वही अडगळींत पडलेली असते, आणि तीच पुढें घात करते.

या सर्वांवर योजलेला उपाय म्हणजे एकच मध्यवर्ती नोंदवही. प्रत्येक यंत्रानें आपली वेगळी यादी बाळगूं नये. कोणी दाराशीं आला म्हणजे त्या मध्यवर्ती वहीस विचारावें. या वहीस डिरेक्टरी म्हणतात, आणि टेलिफोनच्या डिरेक्टरीशीं तिचें खरोखरीच नातें आहे. तार आणि टेलिफोन यांचे नियम ठरविणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळानें १९८८ सालीं ‘एक्स ५००’ या नांवानें जगव्यापी नामावलीचा एक आराखडा प्रसिद्ध केला. देश, देशाखालीं संस्था, संस्थेखालीं शाखा, आणि शाखेखालीं व्यक्ति, अशी वंशावळीसारखी ती रचना होती. आराखडा भव्य होता, पण लहान संगणकांस पेलण्यासारखा नव्हता. तेव्हां मिशिगन विद्यापीठांतील टिम हाउझ आणि त्यांचे सहकारी यांनीं त्या वहीस प्रश्न विचारण्याची एक हलकी रीत तयार केली. १९९३ सालीं ती प्रसिद्ध झाली. तिच्या इंग्रजी नांवाच्या आद्याक्षरांवरून तिला ‘एलडॅप’ म्हणतात. २००० सालीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें ‘ॲक्टिव्ह डिरेक्टरी’ बाजारांत आणली, तीहि हीच भाषा जाणते. आणि मग हजारों कचेऱ्यांत ही व्यवस्था रूढ झाली.

दाराशीं प्रत्यक्षांत काय घडतें, तें पाहण्यासारखें आहे. समजा, एका कारकुनानें सामायिक कागदपत्रें ठेवणाऱ्या पेटीयंत्रापाशीं येऊन आपलें नांव आणि परवल सांगितली. त्या यंत्रास त्याची कांहींच माहिती नसते. तें डिरेक्टरीकडे जातें. प्रथम स्वतःची ओळख पटवितें, कारण वही कोणाही उपटसुंभास चाळावयास मिळत नाहीं. नंतर ‘या नांवाचा मनुष्य कोणत्या शाखेखालीं आहे?’ असें विचारतें. डिरेक्टरी त्याचें वंशावळींतील पूर्ण नांव सांगते. मग यंत्र तें पूर्ण नांव आणि कारकुनानें दिलेली परवल घेऊन, जणूं काय आपणच तो कारकून आहों अशा थाटानें, पुन्हां डिरेक्टरीच्या दारावर थाप मारतें. दार उघडलें, तर मनुष्य खरा. न उघडलें, तर खोटा. परवल पारखण्याचें काम डिरेक्टरी करते. यंत्र केवळ निरोप्या होतें.

परंतु निरोप्यानें वाटेंत निरोप मोठ्यानें ओरडूं नये, हें अर्थातच आलें. एलडॅपची साधी रीत अशी आहे कीं, तींत परवलीचा शब्द तारेवरून उघडाच जातो. तारेस कान लावून बसलेल्या चोरास तो जसाच्या तसा ऐकूं येतो. म्हणून सर्व संभाषण गूढलिपीच्या आवरणांत गुंडाळून पाठविणें अवश्य असतें. यंत्राच्या मांडणींत याची एक खूण करावयाची असते. ती करावयाची राहून गेली तरी यंत्र बिनतक्रार चालतें, आणि म्हणूनच ती पुष्कळदां राहून जाते.

दुसरी एक खोंच तर याहून सूक्ष्म आहे. नांव सांगून परवलीची जागा कोरीच ठेवली, तर या रीतीच्या नियमांप्रमाणें कांहीं डिरेक्टऱ्या त्यास ‘अनामिक पाहुणा’ समजून होकार देतात. ‘पाहुणा म्हणून देवडीपर्यंत ये’ एवढाच त्या होकाराचा अर्थ. पण दाराशीं उभें असलेलें भोळें यंत्र ‘डिरेक्टरीनें होकार दिला, तेव्हां हा मनुष्य खरा’ असें समजून त्यास आंतल्या माजघरापर्यंत नेऊन सोडतें! कोऱ्या परवलीनें आलेल्यास डिरेक्टरीकडे नेऊंच नये, दारांतूनच परत पाठवावें, असा स्पष्ट इशारा २००६ सालच्या नियमावलींत दिलेला आहे. दोन पहारेकऱ्यांच्या भाषेंत एका शब्दाचा अर्थ निराळा असला, तर केवढा अनर्थ होतो, याचा हा नमुना आहे.

परवल तारेवरून मुळीं पाठवूंच नये, अशीहि एक रीत आहे. मॅसॅच्युसेट्सच्या त्याच संस्थेंत १९८३ सालीं विद्यार्थ्यांसाठीं जागोजाग संगणक मांडण्याचा उपक्रम सुरू झाला. ते संगणक सार्वजनिक. त्यांवर कोण बसेल याचा नेम नाहीं. तेथें जी ओळखीची पद्धत बांधण्यांत आली, तिला ग्रीक पुराणांतील यमलोकाच्या दारावर राखण करणाऱ्या तीन तोंडांच्या कुत्र्याचें, केर्बेरॉसचें, नांव देण्यांत आलें. १९८९ सालीं ती सर्वांसाठीं खुली झाली. तींत मनुष्य मध्यवर्ती कचेरीकडून एकदां तिकीट घेतो. तें परवलीच्या पिठानेंच बंद केलेलें असल्यामुळें खऱ्या माणसासच उघडतां येतें. नंतर दिवसभर तो तिकिटाच्या बळावर निरनिराळ्या दारांतून जातो; कोणापुढेंही परवल उच्चारावी लागत नाहीं. मात्र तिकिटावर वेळ घातलेली असते, म्हणून सर्व यंत्रांचीं घड्याळें जुळलेलीं असावीं लागतात. रूढ मर्यादा पांच मिनिटांची आहे. कित्येकदां साऱ्या कचेरीस एकाएकीं दारें बंद होतात, व्यवस्थापक रात्र रात्र कारण शोधतो, आणि शेवटीं आढळतें काय, तर एका यंत्राचें घड्याळ सहा मिनिटें मागें पडलेलें!

ओळख पटणें निराळें आणि अधिकार असणें निराळें, हेंहि येथें ध्यानांत ठेविलें पाहिजे. देवडीवाल्यानें गृहस्थास ओळखलें, म्हणून त्यास जामदारखान्यांत जाऊं द्यावें असें होत नाहीं. डिरेक्टरींत माणसांचे गट केलेले असतात: हिशेबनीस, ग्रंथपाल, जाळ्याचे व्यवस्थापक. कोणत्या गटास कोणतें दार, हें यंत्रावर एकदां लिहून ठेवावयाचें. मग माणसें बदलत राहिलीं तरी यंत्रास हात लावावा लागत नाहीं. बढती झाली, बदली झाली, म्हणजे मध्यवर्ती वहींत गट तेवढा बदलावा. येथें एकच पथ्य आहे. बढतीबरोबर नवा गट देण्यास कोणी विसरत नाहीं; जुना गट काढून घेण्यास मात्र बहुतेक सारे विसरतात. वीस वर्षें नोकरी केलेल्या माणसापाशीं अशा रीतीनें नकळत साऱ्या वाड्याच्या किल्ल्या जमा होतात.

विसरलेल्या नोंदीची किंमत काय असते, हें २०२१ च्या मे महिन्यांत साऱ्या जगानें पाहिलें. अमेरिकेंत टेक्ससपासून पूर्व किनाऱ्यापर्यंत कोलोनियल पाइपलाइन ही सुमारें ८,८५० किलोमीटर लांबीची तेलवाहिनी आहे. पूर्व किनाऱ्यावरील इंधनापैकीं सुमारें ४५ टक्के इंधन ती पुरविते. बाहेरगांवाहून कंपनीच्या जाळ्यांत शिरण्यासाठीं एक जुनें प्रवेशद्वार होतें, आणि त्यावर एक खातें होतें. तें खातें कोणी वापरीत नसे. पण तें बंदही केलेलें नव्हतें. त्याचा परवलीचा शब्द चोरांच्या हातीं पडलेल्या याद्यांत आढळून आला, आणि त्या दारावर परवलीखेरीज दुसरा कोणताही पुरावा मागण्याची व्यवस्था नव्हती. चोर तेथून आंत शिरले. त्यांनीं कंपनीचीं दप्तरें गूढलिपींत बांधून खंडणी मागितली. ७ मे रोजीं कंपनीनें वाहिनी बंद केली. ती १२ तारखेस पुन्हां सुरू होईपर्यंत पेट्रोलच्या पंपांवर मोटारींच्या रांगा लागल्या आणि कित्येक पंप कोरडे पडले. कंपनीनें ७५ बिटकॉइन, म्हणजे सुमारें ४४ लाख डॉलर, खंडणी भरली. त्यांपैकीं मोठा भाग पुढें सरकारनें परत मिळविला, ही गोष्ट निराळी. येथें कोणी दार फोडलें नव्हतें. उघडें राहिलेलें दार कोणाच्या तरी लक्षांत आलें, इतकेंच.

म्हणून डिरेक्टरीचा खरा गुण कोणता, असें विचारलें, तर तो येणारांची सोय हा नव्हे. एकदां नांव घातलें कीं चाळीस दारें उघडतात, हें सुखाचें खरें. पण एकदां नांव खोडलें कीं चाळीसही दारें नव्यानें येणारास बंद होतात, हें त्याहून शतपटीनें मोलाचें आहे. ज्या संस्थेंत नोकर निघून गेल्याची वार्ता त्याच दिवशीं या वहीपर्यंत पोंचते, तिचें जाळें पुष्कळ अंशीं सुरक्षित समजावें. ही वार्ता पोंचविण्याचें काम कोणत्याही यंत्राचें नव्हे. तें निरोपसमारंभाचा हार आणणाऱ्या कचेरीचें आहे.

तथापि सर्व भार एका वहीवर टाकला, तर ती वही हरवल्यास काय करावें, ही शंका रास्त आहे. डिरेक्टरी ज्या यंत्रावर असते तें बंद पडलें, किंवा तिच्याकडे जाणारी तार तुटली, तर कोणाचीच ओळख पटणार नाहीं. आणि तार जोडण्यासाठीं ज्या राउटरमध्यें शिरावयाचें, तोच ‘डिरेक्टरीस विचारल्यावांचून आंत घेणार नाहीं’ असें म्हणेल. याकरितां प्रथम डिरेक्टरीच एकीच्या जागीं दोन ठिकाणीं ठेवितात. शिवाय प्रत्येक यंत्रावर त्याचें स्वतःचें असें एक राखीव खातें असावें. त्याची परवल लांब आणि प्रत्येक यंत्राची निराळी असावी. ती लिहून, लिफाफ्यांत मोहोरबंद करून, कुलपांत ठेवावी. दोघांच्या साक्षीवांचून लिफाफा फोडूं नये, आणि फोडल्यास काम होतांच परवल बदलावी.

ही सावधगिरी महाराष्ट्रास नवी नाहीं. शिवकालीं गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तिघे जण सारख्या दर्जाचे नेमीत, आणि तिघांनीं मिळून गडाचा कारभार पाहावा असा नियम असे. त्यांतील कोणावर अविश्वास होता असें नव्हे. पण एकट्याच्या फितुरीनें किंवा एकट्याच्या चुकीनें गड हातचा जाऊं नये, एवढी दक्षता त्यांत होती. त्या दक्षतेनें प्रामाणिक माणसाचाही बचाव होतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या अभियंत्यापाशीं सर्व शब्द एकट्यापाशींच नसते, तर त्याचा हट्टही चालला नसता आणि त्याचा तुरुंगही टळला असता.

ज्या श्रोत्यांचा कचेरीच्या जाळ्याशीं संबंध नाहीं, त्यांच्याही घरांत आज या यंत्रांचें एक लहान भावंड भिंतीवर लुकलुकत असतें. घरांत इंटरनेट आणणारा तो राउटर कारखान्यांतून येतांना एक ठराविक नांव आणि ठराविक परवल घेऊन आलेला असतो. २०१६ सालीं ‘मिराई’ नांवाच्या एका उपद्रवी कार्यक्रमानें जगभरच्या अशा घरगुती यंत्रांच्या दारांवर अवघ्या साठएक ठराविक जोड्या म्हणून पाहिल्या. आणि तेवढ्यानें लक्षावधि कॅमेरे आणि राउटर त्याचे गुलाम झाले. त्या फौजेच्या बळावर २१ ऑक्टोबर रोजीं अमेरिकेंत कित्येक मोठमोठीं संकेतस्थळें कांहीं तास दिसेनाशीं झालीं. ज्यांच्या भिंतीवरून हा हल्ला झाला, त्या गृहस्थांस त्याचा पत्ताही नव्हता. घरोघर वापरल्या जाणाऱ्या अशा यंत्रांस सरसकट एकच ठराविक परवल देण्यास ब्रिटनमध्यें २९ एप्रिल २०२४ पासून कायद्यानें बंदी झाली आहे. परंतु जुनीं यंत्रें अद्याप कोट्यवधि भिंतींवर आहेत.

तेव्हां घर असो वा महानगरपालिका, विचारावयाचे प्रश्न तेच आहेत. या दाराच्या वहींत कोणाकोणाचीं नांवें आहेत? त्यांपैकीं कोण आज येथें राहत नाहीं? जाणाराचें नांव कोण खोडतो, आणि किती दिवसांनीं? आणि किल्लीवाला उद्यां सकाळीं आला नाहीं, तर दार उघडणारा दुसरा कोण? गृहिणी जशी दसऱ्यापूर्वीं माळ्यावरचीं भांडीं उतरवून मोजते, तशी ही यादी वर्षांतून एकदां तरी उतरवून वाचावी. जें नांव वाचतांना ‘हा कोण?’ असा प्रश्न पडेल, तें त्याच दिवशीं खोडावें. बहुतेक घरांत या कामास अर्धा तास पुरेल. सॅन फ्रान्सिस्को शहरास तें वेळींच न केल्यामुळें महापौरांस तुरुंगाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या.